वेळ कोणाच्या मालकीचा?

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव हे कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या मुलखातले गाव. अशा गावात एखादा मुलगा असा निघतोच की, ज्याच्या वह्यांचे समास चित्रांनी भरलेले असतात. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार त्याच्याच अक्षरात असतो आणि पोळ्याला बैलांची शिंगे रंगवायला त्यालाच हाक मारली जाते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा तो चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण होतो. मग कोणीतरी सांगते की, या हातावर पोट भरता येईल. उपयोजित कला नावाचे शिक्षण असते, त्यालाच आता ग्राफिक डिझाइन म्हणतात. घरचे लोक हंगामाच्या पैशातून पहिल्या वर्षाची तजवीज करतात आणि मुलगा शहरात जातो. पहिले सत्र अर्धे सरते न सरते तोच त्याला कळून चुकते की, आपल्याजवळ हात आहे, नजर आहे, जिद्दही आहे. नाही तो फक्त वेळ.

या अभ्यासक्रमाचा भार बाहेरच्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. चित्रे काढायची, त्यात अभ्यास तो कसला, अशी एक समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. प्रत्यक्षात एकाच सत्रात अक्षरांकन, कथाचित्रण, छायाचित्रण, भित्तिपत्रक, बोधचिन्ह, वेष्टनाची रचना आणि संगणकावरील मांडणी हे विषय शेजारी शेजारी चालू असतात. त्यांतल्या प्रत्येकात असाइनमेंट असते आणि प्रत्येक असाइनमेंटला तिचे टप्पे असतात: विषयाची माहिती गोळा करणे, वीस-पंचवीस कच्ची रेखाटने, त्यांतून दोन-तीनची निवड, शिक्षकांशी चर्चा, पुन्हा बदल आणि शेवटी पक्की कृती. प्रत्येक शिक्षक आपले काम असे देतो की, जणू विद्यार्थ्याला दुसरे कामच नाही. आणि सबमिशनच्या तारखा मात्र सर्वांच्या एकाच आठवड्यात येतात. विद्यार्थी मग एका हाताने भित्तिपत्रक सावरतो, दुसऱ्या हाताने बोधचिन्ह. तारेवर चालणारा डोंबारीसुद्धा याहून सुखी म्हणावा, कारण त्याला निदान एकच तार असते.

शिवाय सर्जनाच्या कामाचा एक स्वभाव आहे. विहीर खोदण्याचे आठ तासांचे काम दोन-दोन तासांच्या चार तुकड्यांत केले, तरी खड्डा तितकाच खोल जातो. कल्पनेचे तसे नाही. मन एका विषयात शिरायलाच काही काळ लागतो. त्यातून ओढून काढून दुसऱ्यात ढकलले की, दोन्हीकडचा धागा तुटतो. पहिली सुचलेली कल्पना बहुधा इतरांनीही वापरलेली, शिळी असते. खरी कल्पना तिच्यानंतर, बऱ्याचदा काही न करता बसलेल्या वेळी येते. म्हणजे ज्याच्याजवळ काही न करता बसण्याची सवड आहे, त्यालाच ती येण्याचा संभव अधिक. येथेच हा प्रश्न कलाशिक्षणाचा न राहता वर्गाचा होतो.

या अडचणीवर महाविद्यालयांतून आणि व्याख्यानांतून एकच औषध सुचवले जाते: वेळेचे नियोजन करा. हा उपदेश वाईट नाही. सगळी कामे एकाच वेळी कच्च्या अवस्थेत सुरू करावीत, पण पक्की मात्र एकेक करावीत. सुचलेले लगेच एका वहीत नोंदवावे. सर्वांत नावडते काम सर्वांत आधी हातावेगळे करावे. अनुभवी शिक्षक हे सांगतात आणि त्याचा उपयोगही होतो. परंतु नियोजन करायचे ते जवळ असलेल्या वस्तूचे. रिकाम्या कणगीतल्या धान्याचे नियोजन कोणती गृहिणी करील?

एकाच वर्गातील दोन विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावेत. एक त्याच शहरातला. त्याला स्वतःची खोली आहे, संगणक आहे, वेळेवर जेवण आहे. दुसरा कामरगावसारख्या गावातून आलेला. खोलीचे भाडे निघावे म्हणून तो संध्याकाळी पाच ते दहा फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात बसतो. त्याचा दिवस साध्या घड्याळावर मोजावा. सात तास महाविद्यालय, पाच तास दुकान, दोन तास येणे-जाणे, दोन तास स्वयंपाक, जेवण आणि आंघोळ, सहा तास झोप. बेरीज बावीस. उरलेल्या दोन तासांत त्याने सहा विषयांची स्पर्धा त्या पहिल्या विद्यार्थ्याशी करायची आणि परीक्षकाने दोघांची चित्रे शेजारी शेजारी लावून 'गुणवत्ता' ठरवायची! ज्या मोजपट्टीने एकाचे बावीस तास आधीच कापून घेतले आहेत, तिला निःपक्षपाती म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. मुलगी असेल तर नातेवाइकांच्या घरी राहून घरकाम पार पाडणे हा आणखी एक अलिखित विषय तिच्या वेळापत्रकात असतो.

वेळ हा कामगार चळवळीचा आद्य प्रश्न आहे, याचे स्मरण समाजवाद्यांना करून देण्याची गरज नसावी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा त्यांच्या मागण्यांत आठवड्याची सुटी अग्रभागी होती आणि १८९० साली ती मुंबईच्या गिरण्यांत मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. या लढ्यांचा अर्थ केवळ थकलेल्या शरीराला विश्रांती एवढाच नव्हता. माणसाच्या दिवसाचा काही भाग त्याच्या स्वतःच्या मालकीचा असला पाहिजे, त्यात त्याने वाचावे, गावे, विचार करावा, हे तत्त्व त्यामागे होते. पूर्ण वेळ शिकून अर्धा वेळ राबणाऱ्या विद्यार्थ्याच्या तासांवर मात्र कोणत्याही कायद्याची मर्यादा नाही, कारण कागदोपत्री तो कामगारच नाही.

रचनाकलेच्या इतिहासात हे सत्य एका मोठ्या माणसाने स्वतःच्या उदाहरणाने ओळखले होते. इंग्लंडचा विल्यम मॉरिस हा कापडाच्या आणि भिंतीच्या कागदांच्या नक्ष्या करणारा, पुढे १८९१ मध्ये केल्मस्कॉट छापखाना काढून ग्रंथमुद्रणाला नवे वळण देणारा कलावंत. १८८३ नंतर तो उघडपणे समाजवादी झाला आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभा राहून भाषणे करू लागला. तरुणपणी त्याला हवे ते शिकण्याची, सोडण्याची आणि पुन्हा धरण्याची मुभा मिळाली, ती वडिलांनी घेतलेल्या तांब्याच्या खाणीच्या भागांवरील उत्पन्नामुळे. त्याच्या फुरसतीची किंमत खाणीत उतरणारे मजूर मोजत होते. कला हा मूठभरांचा चैनीचा विषय राहू नये, प्रत्येक श्रमिकाला कामात आनंद आणि कामाबाहेर सवड मिळावी, असे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. कलेचा प्रश्न हा सवडीच्या वाटपाचा प्रश्न आहे, हे मॉरिसचे मर्म आजच्या कलामहाविद्यालयांच्या दारावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

मराठी अक्षरांचा इतिहासही काही निराळे सांगत नाही. देवनागरीच्या सुबक छपाईसाठी भारतभर नाव झालेले निर्णयसागर मुद्रणालय १८६९ साली जावजी दादाजी यांनी काढले. ते गरीब घरातले. लहान वयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले आणि खिळ्यांमध्ये वाढता वाढता खिळ्यांचे जाणकार झाले. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराची साथ त्यांना लाभली. मराठी वाचकाच्या डोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या जे अक्षर सुंदर वाटत आले, ते राबणाऱ्या हातांनी घडवले होते. परंतु त्या हातांना शिक्षण आणि काम एकाच छपराखाली मिळाले. आजच्या विद्यार्थ्याचे शिक्षण एका छपराखाली आहे, पोट दुसऱ्या. आणि दोहोंमध्ये संवाद नाही.

संस्थांची वाटणीही पाहण्यासारखी आहे. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ चे. त्यात व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९५८ मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ चे. राज्याचे कला संचालनालय १९६५ मध्ये स्थापन झाले. शासकीय कलामहाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे उभी राहिली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. २०२३ साली जे. जे. समूहाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दर्जा वाढला याचा आनंद जरूर मानावा. परंतु त्या दाराशी पोहोचण्याची वाट कामरगावपासून सहाशे किलोमीटरांहून लांब आहे आणि तिच्यावरचा सर्वांत मोठा टोल नाका शहरातील खोलीभाड्याचा आहे.

सरकार म्हणेल की, त्यासाठीच योजना आहेत. आहेत खऱ्या. अनुसूचित जातींच्या, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. स्वाधार योजनेत मोठ्या शहरांसाठी भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये, अशी रक्कम ठरली. शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५,००० रुपये आणि 'अन्य शाखां'ना २,००० रुपये जास्तीचे ठरले. उपयोजित कलेचा विद्यार्थी या 'अन्य शाखां'त मोडतो. कागद, रंग, कुंचले, छपाई, आरोहण, कॅमेरा आणि संगणक ज्याच्या अभ्यासाची केवळ साधनेच नव्हेत, तर भाषा आहे, त्याला पाठ्यपुस्तकांवर भागणाऱ्या शाखांच्या रांगेत बसवणाऱ्याने चित्रकलेच्या वर्गात कधी पाऊल ठेवले नसावे. हा फरक अज्ञानातून आला असेल. तथापि त्याची भरपाई विद्यार्थी आपल्या झोपेतून करतो.

या ओढाताणीचा परिणाम शेवटी कामावर होतो. वेळ संपला की विद्यार्थी पहिली सुचलेली शिळी कल्पनाच पक्की करतो, जुन्या वर्गाचे काम फिरवून देतो किंवा पैसे मोजून दुसऱ्याकडून करवून घेतो. २०२२ पासून तर शब्द दिले की चित्र काढून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. यंत्राला विरोध हा समाजवाद्यांचा धर्म नव्हे. परंतु ते यंत्र कोण कशासाठी वापरतो, हे पाहावे लागते. ज्याच्याजवळ वेळ आहे, तो त्याचा उपयोग आपली कल्पना तपासून पाहण्यासाठी करील. ज्याच्याजवळ वेळ नाही, तो कल्पनेऐवजीच त्याचा उपयोग करील. पहिला उद्या रचनाकार होईल, दुसरा यंत्राचा मदतनीस. एकाच पदवीच्या आड दोन वर्ग तयार होतील आणि त्यांची सीमारेषा बहुतेक गाव आणि शहर यांच्या सीमारेषेवरूनच जाईल.

यात नुकसान एका विद्यार्थ्याचे नाही. कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांतील अपभ्रंश हस्तलिखिते हिरालाल जैन यांनी विसाव्या शतकात संपादून प्रकाशात आणली, तेव्हा त्या प्रदेशाची अक्षरपरंपरा किती जुनी आहे, हे जगाला कळले. कापसाच्या गाठींवरचे शिक्के, बंडीच्या साट्यांवरची चित्रे, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची ठसठशीत अक्षरे, हा सगळा त्या मुलाच्या डोळ्यांत साठलेला ठेवा आहे. पाट्या रंगवण्याचा धंदा फ्लेक्सने मोडला. आता त्या अक्षरांची आठवण पुढे नेईल तर असाच एखादा मुलगा. त्याला सवड मिळाली नाही, तर ती आठवण त्याच्याबरोबरच विझेल आणि मराठी भित्तिपत्रकाला परक्या वळणाचीच अक्षरे उसनी घ्यावी लागतील.

उपाय अवघड नाहीत. पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. सर्व विषयांच्या शिक्षकांनी सत्राच्या आरंभी एकत्र बसून सबमिशनचे एकच वेळापत्रक करावे आणि एका आठवड्यात दोहोंहून अधिक पक्क्या कृती मागू नयेत. दुसरा उपाय शैक्षणिक आहे. एका विषयाचा सखोल अभ्यास अनेक असाइनमेंटना पुरू द्यावा. विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील कापूस-बाजाराचा अभ्यास केला, तर त्यातूनच छायाचित्रांची मालिका, हमीभावावरचे भित्तिपत्रक, बाजार समितीचे बोधचिन्ह आणि बियाण्याच्या पिशवीचे वेष्टन निघू शकते. सहा उथळ विषयांऐवजी एक खोल विषय मिळाला, तर वेळ वाचतो आणि कामाला मुळे फुटतात. तिसरा उपाय साधनांचा. महाविद्यालयाचा संगणककक्ष आणि कार्यशाळा रात्री नऊपर्यंत आणि सुटीच्या दिवशी उघडी ठेवावी. महागड्या परवान्यांच्या आज्ञावलींबरोबरच इंकस्केप, क्रिता, ब्लेंडर यांसारखी मोफत साधने रीतसर शिकवावीत. मुंबईच्या एक टाइप या गटाने 'मुक्त' आणि 'बलू' यांसारखे देवनागरी फाँट सर्वांना मोफत खुले करून दिले आहेत. ज्ञानाची सामाजिक मालकी म्हणजे काय, याचे इतके सोपे उदाहरण दुसरे मिळणार नाही.

चौथा उपाय कर्मवीर भाऊराव पाटलांनी महाराष्ट्राला केव्हाच दाखवून दिला आहे. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या विचारात श्रम हा शिक्षणाचा अडथळा नव्हता, अंग होता. फ्लेक्सच्या दुकानात विद्यार्थी रात्रीतून दहा फलक लावतो. त्यात तो श्रीलिपीतला बिघडलेला मजकूर दुरुस्त करतो, छपाईत रंग कसा उतरतो ते शिकतो, अडलेल्या गिऱ्हाइकाला समजावतो. हे शिक्षण नव्हे तर काय? शिक्षकांनी पाहणी करून अशा कामाला ठरावीक श्रेयांक द्यावेत, म्हणजे पाच तासांपैकी निदान काही तास पदवीच्या खात्यावर जमा होतील. अट एवढीच की, दुकानदाराने किमान वेतन द्यावे. शिकाऊपणाच्या नावाखाली फुकट राबवून घेण्याला महाविद्यालयाचा शिक्का मिळता कामा नये.

यावर असा आक्षेप येईल की, कष्टाशिवाय कला नाही आणि सवलतींनी दर्जा घसरेल. कष्टाविषयी वाद नाही. रात्र रात्र जागून एकच अक्षर पन्नास वेळा गिरवण्याला पर्याय नाही. परंतु अक्षर गिरवण्यासाठी जागणे वेगळे आणि भाड्यासाठी जागणे वेगळे. येथे मागणी आहे ती पहिल्या जागरणाचा हक्क दुसऱ्या विद्यार्थ्यालाही मिळावा, एवढीच. दर्जा खाली आणा असे कोणी म्हणत नाही. शर्यतीच्या आरंभाची रेषा सर्वांना सारखी आखा, असे म्हणणे आहे.

प्रश्नाचे मूळ शाळेत आहे, हेही विसरता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तेथे कलाशिक्षणासाठी निदान अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या लेखीच कला ही अर्ध्या वेळाची आणि मोठ्या शाळेची गोष्ट ठरली! छोट्या गावातील मुलगा मग वयाच्या अठराव्या वर्षी प्रथमच आरेखनाचे शास्त्र शिकू लागतो आणि शहरातील मुलाने शिकवणीत आधीच शिकलेले सगळे त्याला त्याच दोन तासांत भरून काढावे लागते. कला शिक्षक पदविका घेतलेले तरुण कामाच्या शोधात असताना शाळांतील पदे रिकामी ठेवणे, हा दोन्ही टोकांनी होणारा अन्याय आहे.

आणि शेवटी एक गोष्ट घरची. मोर्चा उद्यावर आला की आदल्या रात्री एखाद्या कलाविद्यार्थ्याला फोन जातो: पत्रक पाहिजे, फलक पाहिजे, पुस्तिकेचे मुखपृष्ठ पाहिजे, सकाळपर्यंत पाहिजे, आणि काम चळवळीचे असल्यामुळे मोबदल्याचा प्रश्न नाही. समाजवादी पक्ष-संघटनाही या सवयीपासून मुक्त नाहीत. आठ तासांच्या दिवसाची घोषणा रंगवणारा मुलगाच सोळाव्या तासाला ती रंगवत असतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच्या डोक्यावरच्या सहा असाइनमेंटमध्ये चळवळ सातवी टाकते आणि तिला गुणही देत नाही. हा प्रकार थांबला पाहिजे. काम निदान आठवडाभर आधी सांगावे, शक्य तेवढा मोबदला द्यावा, साहित्याचा खर्च तर द्यावाच, आणि पत्रकाच्या तळाशी छापखान्याच्या नावाबरोबर रचनाकाराचेही नाव छापावे. जो पक्ष इतरांकडे वेळेचा न्याय मागतो, त्याने आपल्या अंगणात तो आधी दिला पाहिजे.

प्रवेशाच्या हंगामात प्रत्येक तालुका शाखेला एक काम हाती घेता येईल. आपल्या भागातून कलामहाविद्यालयात गेलेले विद्यार्थी कोण, ते राहतात कोठे, रात्री कोठे राबतात, त्यांचा भत्ता कोणत्या टेबलावर अडला आहे, याची यादी करावी आणि ती घेऊन समाजकल्याण कार्यालयात आणि महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे जावे. 'अन्य शाखां'च्या २,००० रुपयांचा जाब विचारावा. सबमिशनच्या एकत्रित वेळापत्रकाचा आग्रह धरावा. मागण्या लहान दिसतील. लोखंड्यांची रविवारची सुटीही गिरणीमालकांना सुरुवातीला अशीच क्षुल्लक वाटली होती. बैलांची शिंगे रंगवणाऱ्या त्या हाताला दिवसाचे आणखी चार तास परत मिळवून दिले, तर त्या चार तासांत तो काय घडवील हे आज कोणीच सांगू शकत नाही, आणि म्हणूनच ते त्याला मिळाले पाहिजेत.